गाजर मोडण्याचा आवाज

तिला स्वस्थ बसता येत नसे. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत असली तरी बोटं बाकाच्या कडेवरून चालत. बँकेत गेली तर काउंटरच्या लाकडावर टिचकी मारून बघणार, भरीव आहे की पोकळ. लोकांना वाटे, बाई घाईत आहेत. घाई कसली! बाई कामावर असत.

भाजीवाल्याकडे तर तिची ख्यातीच होती. गाजर उचलायचं, कानाशी न्यायचं आणि मोडायचं.

"ही मऊ पडलीत. कडक दे."

"बाई, खायची आहेत की वाजवायची?"

"वाजवायची."

भाजीवाला हसे. त्याला वाटे, बाई थट्टा करतात. पण ती खरंच वाजवायची. पडद्यावर माणूस चालतो तेव्हा त्याचे पाय वाजत नाहीत. दुसरंच कुणीतरी बंद खोलीत त्याच्या पावलाला पाऊल लावून बूट आपटत असतं. दार करकरतं, पेला फुटतो, कुणाच्या तरी थोबाडीत बसते, ते सगळं मागाहून बसवलेलं असतं. बसवणारी ही. घोड्याच्या टापांपासून चुंबनापर्यंत (चुंबन म्हणजे स्वतःचंच मनगट, हे ती विचारणाऱ्याला बेधडक करून दाखवी) सगळे आवाज तिच्या दोन हातांतून निघालेले. कामाच्या ठिकाणी तिला खटपटबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिची काही हरकत नसे.

ती या धंद्यात पडली तीही अपघाताने. इतिहासाची पदवी घेऊन रेडिओच्या नाटक विभागात टाइप करायला लागली होती. एकदा आवाज काढणारे गृहस्थ पाय मुरगळून घरी बसले आणि नाटकात नेमका म्हातारा जिना चढायचा होता. हिने टाइपरायटर सोडला, निर्मात्याचे जड बूट त्याच्याच पायांतून काढून घेतले आणि लाकडी फळीवर असा काही जिना चढली, मधेच थांबून, कठड्याला टेकून, पुन्हा चढून, की काचेपलीकडचा तंत्रज्ञ म्हणाला, "म्हाताऱ्याला दमा आहे वाटतं." त्यानंतर तिने टाइपरायटरला हात लावला नाही.

रेडिओवरची नाटकं बंद पडली. मग सिनेमे आले. मग सिनेमावाल्यांकडे यंत्रात भरलेले तयार आवाज आले. दाराचा आवाज हवा, बटण दाबा, दार हजर. खटपटबाई घरी बसली आणि घरातल्या भांड्यांची धडगत राहिली नाही. नवरा कानाने जरा जड होता. संसार त्यामुळेच टिकला, असं ती खुशाल सांगे आणि नवराही मान डोलावी, बहुधा न ऐकताच.

मग धाकट्याने तिला बोलावलं. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. चाळिशी उलटली तरी घरात त्याचं नाव तेच राहिलं. त्याने व्हिडिओ गेम बनवायची छोटी कंपनी काढली होती: एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या, मोजकी माणसं, आणि खाली एक तळघर. ते तळघर त्याने बहिणीला दिलं.

तिने तिथे संसार मांडला. मधोमध चौकटीसकट एक दार उभं केलं. ते कुठेच उघडत नसे. परातींत वाळू, खडी, वाळका पाला. भिंतीला ओळीने बूट, चपला, टाचांच्या सँडल. कोपऱ्यात फ्रीज, त्यात कोबी, गाजरं, सेलरीच्या जुड्या. तिच्या मुलीची मुलगी शाळेतून परस्पर तिथे येई. अकरा वर्षांची, एका जागी न ठरणारी, आजीवरच गेलेली. सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळेत निबंध होता, 'माझी आजी काय करते'. भिंगरीने लिहिलं, "माझी आजी दिवसभर भाज्यांना मारते." वर्गाच्या बाईंनी घरी फोन केला होता.

आणि भाज्यांना मारायचं काम त्या काळात खरंच जोरात होतं. कंपनीचा नवा खेळ यायचा होता. नाव 'तळघर'. युद्धात उद्ध्वस्त झालेलं शहर, गोळ्या संपलेल्या, माणसं तळघरांत लपलेली आणि एकमेकांच्या अन्नावर टपलेली. खेळणाऱ्याच्या हातात बंदूक नाही. हातोडा, वीट, फार तर लोखंडी कांब. धाकटा म्हणे, "ताई, बंदुकीच्या खेळात माणूस मेला तरी खेळणाऱ्याला काही वाटत नाही. आपल्याकडे वाटायला हवं. आणि ते चित्राने नाही होणार. तुझ्या आवाजाने होईल."

तिला आणखी काय हवं होतं! पन्नाशीच्या पुढे कुणीतरी सांगतंय की तुझ्या हातांवाचून चालणार नाही. ती झपाटल्यासारखी कामाला लागली.

त्यांची कामाची एक रीत होती आणि पुढचं सगळं त्या रीतीतूनच घडलं. चित्र अर्धवट असतानाच ती पडद्यासमोर उभी राहायची आणि सगळे आवाज आधी तोंडानेच काढायची. हातोडा पडला, "धप्प!" हाड मोडलं, "कडाक!" पडणारा पडला, "फिस्स." मधेच तिच्याने राहवत नसे आणि "अगं आई, मेला बिचारा!" हेही त्यात जाई. हा कच्चा आवाज. घाव नेमका कधी बसतो ते त्यावरून ठरे, आणि वरच्या खोलीतली मंडळी महिनोन् महिने त्याच आवाजावर चित्र बसवत. मागाहून सावकाश, एकेक करून, ती कच्च्याच्या जागी पक्का आवाज भरी. ओल्या चामड्यात गुंडाळलेलं गाजर. फडक्याखाली अक्रोड. कोबीच्या गड्ड्यावर वीट. आणि त्या सगळ्याच्या खाली स्वतःचा श्वास, अगदी बारीक, थांबत थांबत जाणारा.

तो पक्का आवाज फार चांगला झाला होता. हे तिला ठाऊक होतं. आयुष्यात इतकं चांगलं काम तिच्या हातून झालं नव्हतं.

एका सकाळी धाकटा धाडधाड जिना उतरत खाली आला. (डावा बूट झिजलाय, तिच्या मनात आलं.)

"ताई! बारा! बारा मिळालं!"

बारा म्हणजे बारा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी. बाजारात येण्याआधी प्रत्येक खेळ वर्गीकरण मंडळाकडे जाई. कंपनीने आपल्या खेळातली सगळ्यात वाईट दृश्यं एकत्र करून पाठवायची. मंडळ ती बघून शिक्का ठरवी. सगळ्यांसाठी, बारा, सोळा, आणि शेवटचा लाल, फक्त प्रौढांसाठी. लाल शिक्का बसला की मोठी दुकानं माल ठेवतच नसत. कायद्याने बंदी नव्हती, पण उगाच आईबापांची कटकट कोण ऐकणार! धाकट्यासारख्या छोट्या कंपनीला लाल शिक्का म्हणजे टाळंच. सोळा मिळालं तरी देव पावला, अशी सगळ्यांची तयारी होती.

"बारा?" ती म्हणाली. "तळघरला? त्यांनी डोळे मिटून घेतले होते का?"

"वाच ना तूच."

तिने फोन लांब धरून वाचलं. 'हिंसेचे चित्रण विनोदी व अतिरंजित स्वरूपाचे आहे.'

"विनोदी? धाकट्या, यात विनोदी काय आहे?"

"त्यांना वाटलं असेल काहीतरी. तुझं काय जातंय?"

"तू पाठवलंस काय त्यांना?"

"आपलंच. नेहमीचं."

"लाव बघू."

त्याने लावलं. तळघरातला अंधार, दोन माणसं, हातोडा वर गेला आणि खटपटबाईचा स्वतःचा, नाकातला, खणखणीत आवाज आला: "धप्प! कडाक! अगं आई, मेला बिचारा!"

दोघं बघत राहिले. धाकट्याचा चेहरा उतरला. तो महिनोन् महिने हेच ऐकत काम करत होता. त्याच्या कानांना ते तोंडी आवाज वाटतच नव्हते. त्यात त्याला हाडं मोडलेली ऐकू येत होती. इतकी सवय झाली होती की कच्चं कुठलं आणि पक्कं कुठलं, हे पाठवताना त्याच्या ध्यानातच आलं नाही.

मग तो हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"ताई, तू वाचवलंस आम्हाला! तुझ्या 'अगं आई'ने वाचवलं!"

"आणि विकताना कुठला आवाज घालणार?"

तो हसायचा थांबला. "पक्का. अर्थात."

"म्हणजे त्यांनी बघितला एक आणि पोरांच्या हातात दुसरा."

"चित्र तर तेच आहे ना? एक फ्रेम बदललेली नाही. मी मुद्दाम केलं का? चूक झाली, ती आपल्या बाजूने झाली. दर वेळी आपल्या विरुद्धच का व्हावी?"

वरच्या खोलीत टाळ्या वाजत होत्या. घरी खाणारी तोंडं असलेली माणसं ती; टाळ्या वाजवणार नाहीत तर काय करतील!

त्या दिवशी ती लवकर घरी आली, पण घरात तरी कुठे चैन पडत होतं! पडदे काढले, धुवायला टाकले, पुन्हा लावले. नवऱ्याने पेपरातून मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही."

"चांगलं झालं," तो म्हणाला आणि पेपरात शिरला.

दुपारी भिंगरी आली. दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे. हिने विचार केला, बघावं तरी. मंडळातली माणसं मोठी होती, त्यांचं सोडा. शिक्का ज्यांच्यासाठी आहे त्यांचं काय? तिने भिंगरीला चित्र दाखवलं नाही, तेवढं भान होतं. फोन उलटा ठेवून नुसता कच्चा आवाज लावला. भिंगरी सोफ्यावर गडबडा लोळली. "आजी, तू! 'मेला बिचारा' म्हणे! अगं, लाज वाटते का तुला!"

"आता हा ऐक," आजी म्हणाली आणि पक्का लावला.

भिंगरीचं हसू मधेच विरलं. पाय आपसूक पोटाशी आले. गाजर मोडलं. अक्रोड फुटले. मग त्या खालचा श्वास, आणि मग तोही नाही.

"बंद कर."

तिने बंद केलं. तिला स्वतःचीच शरम वाटली. काय हे, पोरीला घाबरवत बसले! ती उठून दूध गरम करायला निघाली, तेवढ्यात मागून आवाज आला. जरा घोगरा, जरा घाईतला.

"आजी. पुन्हा लाव ना."

"का?"

"असंच. एकदाच."

ती वळली. भिंगरीचे डोळे चमकत होते. भीती होती त्यांत, आणि भीतीशिवायही काहीतरी होतं. ते तिला चांगलंच ओळखीचं होतं. पहिल्यांदा तो आवाज जमला तेव्हा तळघरात एकटीने तिनेही असाच तो पुन्हा लावून ऐकला होता. पुन्हा, आणि पुन्हा. पण तेव्हा तिच्या हातात गाजर होतं. पोरीच्या हातात काय होतं?

दुसऱ्या दिवशी ती तळघरात न जाता थेट वर गेली. धाकटा एकटाच होता.

"मंडळाला खरा आवाज पाठव."

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"भिंगरी 'पुन्हा लाव' म्हणाली."

"बरं मग? आवडलं तिला! तुझं कौतुकच झालं की."

"तेच म्हणतेय मी. अकराव्या वर्षी तिला ते आवडायची गरज नाही."

"तुझी भिंगरी मी सांभाळू की इथली माणसं? लाल शिक्का बसला तर यातल्या निम्म्यांना 'घरी जा' सांगायचं. तू सांगशील? तुझी जीभ रेटेल?" तो येरझाऱ्या घालत होता. मग एकदम थांबला. "ठीक आहे. खोटं नको ना तुला? मग आवाज मऊ कर. हाडं काढून टाक. खरोखर बाराच्या लायकीचा कर. मी पुन्हा रीतसर पाठवतो. झालं समाधान?"

यात तिला काही वावगं दिसेना. खोटं नाही, कुणाची नोकरी जात नाही, भिंगरी सुखरूप. ती खाली गेली. गाजरं फ्रीजमध्ये टाकली, घरून सोफ्याच्या उशा आणल्या. जुनी चामड्याची पर्स कापूस भरून शिवली. हातोडा पडतो तिथे उशी. वीट पडते तिथे पर्स. श्वास काढून टाकला. थप. थप. थपक.

संध्याकाळी दोघांनी मिळून ऐकलं.

"झकास!" धाकटा म्हणाला. "काय गोड बसलंय ग!"

गोडच बसलं होतं. तिचं लक्ष स्वतःच्या पायाकडे गेलं. पाय ठेका धरत होता. पडद्यावर एक माणूस दुसऱ्याचं डोकं विटेने ठेचत होता आणि ऐकणाऱ्याला वाटावं, पाहुणे यायचेत म्हणून कुणी गादी झटकतंय. ना दुखत होतं, ना टोचत होतं. हे कुठलंही पोर दिवसभर खेळलं असतं. जेवता जेवता खेळलं असतं. 'बंद कर' म्हणायची पाळीच आली नसती.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"हे त्याहून वाईट आहे."

"आता काय झालं?"

"अरे, त्यात माणूस मरत होता. यात उशी मरतेय. आणि हेच आपण पोरांना देणार, वर शिक्का मारून की घ्या, तुमच्यासाठी चांगलं आहे."

"सगळे तेच देतात! बाजार भरलाय असल्या खेळांनी!"

"मग तू 'तळघर' काढलंस कशाला? तूच म्हणाला होतास ना, खेळणाऱ्याला वाटायला हवं?"

हा घाव बसला होता आणि त्याला तोंडाने आवाज द्यायची गरज नव्हती.

"खरा आवाज, खरा शिक्का," ती म्हणाली. "नाहीतर मी स्वतः घेऊन जाते. पत्ता आहे माझ्याकडे."

धाकटा दोन दिवस वर-खाली करत राहिला. दारापाशी येई, परत जाई. तिसऱ्या दिवशी गाडीची किल्ली घेऊन आला. "चल," एवढंच म्हणाला. वाटेत ती काचेवर बोटं वाजवत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, तेव्हा ती बोटं मांडीखाली दाबून बसली.

मंडळाची खोली अगदीच साधी निघाली. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर मोठा टीव्ही, वर घूं घूं करणारी ट्यूबलाइट. माणसं तीन. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका, पाठ ताठ, चष्मा साखळीला. दुसरे दातांचे डॉक्टर. तिसरा एक दाढीवाला तरुण, तो स्वतः खेळ खेळणारा होता म्हणून मंडळावर घेतलेला.

डॉक्टर तिला बघून खुलले. "त्या 'अगं आई' तुम्हीच का? अहो, आम्ही काय हसलो त्या दिवशी!"

"हो. आता नाही हसणार," ती म्हणाली.

धाकट्याने खाली मान घालून चूक सांगितली. कच्चा आवाज म्हणजे काय, तो कसा गेला. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. "लावा."

पडद्याकडे तिने बघितलंच नाही. ती माणसांकडे बघत होती. पहिल्या गाजराला डॉक्टरांचा हात आपल्याच जबड्याकडे गेला. दाढीवाला पुढे झुकला. अध्यक्षबाई हलल्या नाहीत, फक्त साखळी मुठीत घट्ट धरून बसल्या. संपलं. मग नुसती ट्यूबलाइट.

दाढीवाला आधी बोलला. "याला लाल देऊ नका. सोळा द्या. पोरांनी हेच ऐकायला हवं! मी बाराव्या वर्षापासून हजारो माणसं मारलीत पडद्यावर, एकाचंही हाड मोडलेलं ऐकलं नाही. आपण गुळगुळीत मारामारीला बारा देतो आणि खऱ्याला अठरा. हे उलटं नाही का?"

"उलटं आहेच," अध्यक्षबाई म्हणाल्या. "डॉक्टर?"

"मला तर वाटतं, शिक्क्याने काही होत नाही. उलट पोरं जास्त धावतात. मी घरात चॉकलेटला बंदी घातली, तर माझी मुलं शेजारी जाऊन खातात."

"मग तुम्ही घरात पुन्हा चॉकलेट आणलंत?"

"छे!"

"का? नाहीतरी खातातच."

डॉक्टर घुटमळले. "खातात हो. पण निदान मी माझ्या हाताने देत नाही."

"बस्स," अध्यक्षबाई म्हणाल्या. "शिक्का तेवढाच असतो. पोरांना आपण थांबवू शकत नाही, हे मी शाळेत रोज शिकले. पण आपण हाताने दिलं नाही, एवढं तरी राहावं." मग त्या खटपटबाईकडे वळल्या. चष्मा काढून, बाकावर उभं करायच्या आधी बघतात तसं बघत म्हणाल्या, "एक विचारू? तुम्हालाच हे इतकं भयंकर वाटतंय, तर असले आवाज काढता कशाला?"

तिने तोंड उघडलं. युद्धाबद्दल काहीतरी सांगावं, धाकटा सांगतो तसं. पण अध्यक्षबाईंपुढे ते पोकळ वाजलं असतं.

"चांगला येतो म्हणून," ती म्हणाली. "मला चांगला येतो."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. रागाने नाही. मग लाल शिक्का दिला.

जिन्यात धाकटा म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं."

"माझ्या मनासारखं? माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आता कुणाच्या कानावर पडायचं नाही. माझ्या मनासारखं म्हणे!"

मोठ्या दुकानांनी माल नाकारला. वरच्या दोन खोल्यांतली एक सोडावी लागली. दोघं जण टेबल आवरून गेले. त्यातली एक पोरगी जाताना खाली येऊन खटपटबाईला भेटून गेली, काही न बोलता, आणि ते न बोलणं हिला फार दिवस टोचत राहिलं. तळघर तेवढं टिकलं, कारण दुसरं कुणी ते भाड्याने घेईना. खेळ घरबसल्या मागवणाऱ्या मोठ्यांमध्ये हळूहळू खपत राहिला. कंपनी बुडाली नाही. लंगडत चालू राहिली.

धाकटा तिच्याशी बोलत नव्हता. म्हणजे भिंगरीमार्फत बोलत होता. तिघं एकाच खोलीत असत आणि तो म्हणे, "भिंगरे, तुझ्या आजीला सांग, पुढच्या खेळात सशाचा आवाज लागणार आहे."

"आजी, ससा लागणार आहे."

"त्याला सांग, ससा आवाज करत नाही."

"मामाआजोबा, ससा..."

"ऐकलं मी! तिला सांग, तरी लागणार आहे!"

"तुमचं तुम्ही बोला," भिंगरी म्हणाली, "मला गृहपाठ आहे." मग त्यांना बोलावंच लागलं.

त्याच सुमारास तिने भिंगरीला पक्का आवाज कसा होतो ते दाखवलं. चामडं ओलं करायला लावलं, आत गाजर ठेवलं, पोरीच्याच हातांनी मोडायला लावलं. कडाक. भिंगरी दचकली, मग फडकं उलगडून बघितलं, मग ते मोडकं गाजर खाऊन टाकलं. आजीच्या जिवाला जरा बरं वाटलं. काही महिने बरं वाटत होतं.

मग एका दुपारी भिंगरी फ्रीजमधून गाजर काढता काढता सहज म्हणाली, "ते तुझं 'तळघर' माझ्या मैत्रिणीच्या दादाकडे आलंय. डब्यावर केवढा लाल शिक्का!"

आजीची बोटं टेबलावर थांबली. "खेळलात तुम्ही?"

"नाही." गाजराचा एक घास. "थोडंसं. दादा अंघोळीला गेला होता तेव्हा."

रागवायला हवं होतं. मैत्रिणीच्या आईला फोन लावायला हवा होता. पण त्याआधीच, तिला आवरायच्या आत, तिच्या तोंडून निघून गेलं:

"कसा वाटला?"

"आवाज ना?" भिंगरीने खांदे उडवले. "गाजरं होती ती, कळलं मला. वीट पडते तिथे कोबी. तू श्वास घेतेस तोसुद्धा ओळखला. मला सारखी तूच दिसत होतीस, एप्रन घातलेली. मला काही भीती नाही वाटली."

आजी सुटल्यासारखी हसली. कोबीची पानं टेबलावर पडली होती, ती गोळा करायला लागली. मग हात थांबले.

"आणि बाकीच्या मैत्रिणी? त्यांची आजी थोडीच भाज्या मारते. त्या काय म्हणाल्या?"

भिंगरीने गाजर मोडलं. ते चांगलं कडक होतं, तळघरभर वाजलं.

"पुन्हा लाव म्हणाल्या," ती म्हणाली.